प्रक्रियायुक्त सांडपाणी आणि आपली औषधिभूमी

पंचाल देशातील काम्पिल्य नगरीजवळ, गंगेच्या काठी वनातून फिरत असता भगवान पुनर्वसु आत्रेयांनी अग्निवेशास जनपदोद्ध्वंसाची मीमांसा सांगितली, हा चरकसंहितेच्या विमानस्थानातील प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव विकृत झाले म्हणजे प्रकृती, आहार, बल, वय यांनी भिन्न असलेली माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, हे त्याचे सार. परंतु याच अध्यायात आणखी एक विधान आहे. परीक्षेपुरते ते आपण लक्षात ठेवतो आणि पुढे विसरून जातो. या चार भावांपैकी वायूपेक्षा उदकाची, उदकापेक्षा देशाची आणि देशापेक्षा कालाची दुष्टी अधिक गंभीर मानावी, कारण ती उत्तरोत्तर टाळण्यास कठीण आहे, असे आचार्य म्हणतात. आजच्या लेखापुरता आम्हांस यातील मधला दुवाच महत्त्वाचा वाटतो. दूषित उदक सोडून दुसरे घेता येते. दूषित देशाला, म्हणजे भूमीला, पर्याय सापडणे अवघड. सांडपाण्यावर पिके घेण्याच्या प्रश्नाकडे आपण सारे पाणी म्हणून पाहतो. तो मुख्यतः मातीचा प्रश्न आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विषय निघण्याचे कारण आपल्या दाराशीच आहे. टिटवाळा हे महागणपतीचे क्षेत्र, काळू नदीच्या काठचे. एके काळी भातखाचरे आणि भाजीचे मळे यांनी वेढलेले हे गाव आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर झाले आहे. वस्तीबरोबर सांडपाणी वाढले आणि भाजीमळे असलेली जमीन मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच नाल्यांच्या आणि नदीच्या कडेला उरली. दुसरीकडे महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये नागरी सांडपाण्यावर प्रक्रिया करून त्याचा पुनर्वापर करण्याचे धोरण स्वीकारले. औष्णिक वीज केंद्रे व उद्योग यांना त्यात अग्रक्रम असला तरी उरलेले पाणी शेतीकडे वळणार, हे उघड आहे. आणि आपल्यापैकी अनेक सभासद, विशेषतः तेले व स्वरसप्रधान कल्प बनविणारे लहान औषधालयांचे चालक, ओला माका, ब्राह्मी, पुनर्नवा, वेखंड ही द्रव्ये याच परिसरातून घेतात. ताजी मिळतात, स्वस्त मिळतात, गाडीभाडे वाचते. या खरेदीत कोणी काही वावगे करतो असे नाही. पण जुडी कोणत्या पाण्यावर वाढली, हा प्रश्न विचारला जात नाही.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न केल्यास चर्चा भलतीकडे जाते. घरगुती सांडपाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. टिटवाळ्यासारख्या निवासी वस्तीतून येणाऱ्या पाण्यात सेंद्रिय मळ, साबण, मीठ, जंतू आणि कृमींची अंडी असतात. जड धातू तुलनेने अल्प. याउलट अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत येणाऱ्या वालधुनीची कथा सर्वश्रुत आहे. रासायनिक कारखाने आणि उल्हासनगरच्या जीन्स धुलाईचे निळे पाणी यांनी ती नदी नावापुरती उरली. उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१५ मध्ये सामाईक प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा भुर्दंड सुनावला होता. अडचण अशी की उघड्या नाल्यात या दोन्ही वस्तू एकत्र येतात. नाल्यावर पंप बसविणाऱ्या शेतकऱ्याला कोणत्या वेळी कोणते पाणी वर आले हे कळण्याचा मार्ग नसतो. रात्री टँकर रिकामा करणारा आपले नाव सांगून जात नाही.

मुंबई उपनगरी रेल्वेच्या रुळांलगत पालक, लाल माठ, अळू, मुळा आणि भेंडीचे हिरवेगार वाफे आपण सर्वांनी लोकलच्या खिडकीतून पाहिले आहेत. रेल्वेने 'अधिक धान्य पिकवा' या योजनेखाली त्या पट्ट्या वर्षानुवर्षे कर्मचाऱ्यांना कसण्यास दिल्या आणि पाणी मिळाले ते बहुतेक शेजारच्या गटाराचे. वर्तमानपत्रांतून त्यावर वेळोवेळी गदारोळ झाला. भाजी पिकविणाऱ्यास दोष देणे सर्वांस सोपे गेले. ज्या शहराने ते पाणी घाण केले, त्याच शहराने ती भाजी विकत घेतली, हे मात्र कोणी फारसे बोलले नाही.

आता 'प्रक्रियायुक्त' या शब्दाकडे वळू. हा शब्द ऐकून पुष्कळांचा समज होतो की पाणी शुद्ध झाले. प्रत्यक्षात प्राथमिक प्रक्रियेत जाड कचरा व बसणारा गाळ निघतो. द्वितीय प्रक्रियेत जीवाणूंच्या साहाय्याने विरघळलेला सेंद्रिय मळ कमी होतो, दुर्गंधी जाते, पाणी बऱ्यापैकी निवळशंख दिसते. येथवरची केंद्रे आपल्याकडे अधिक आहेत. तृतीय प्रक्रियेत गाळणी आणि निर्जंतुकीकरण येते. यांपैकी कोणतीही पायरी विरघळलेले मीठ काढीत नाही. त्यासाठी पटलातून पाणी दाबून गाळावे लागते आणि तो खर्च शेतीला परवडत नाही. धातूंचा मोठा भाग पाण्यातून निघतो खरा, पण तो नाहीसा होत नाही. केंद्राच्या गाळात जाऊन बसतो. हाच गाळ वाळवून खत म्हणून दिला जातो. पाणी नको म्हणणारा शेतकरी ते खत मात्र आनंदाने उचलतो, हा यातील विपर्यास होय.

मातीत गेल्यावर काय होते? आधी गुणाची बाजू सांगू. या पाण्यात नत्र आणि स्फुरद असते. एका लिटरमागे ३० मिलिग्रॅम नत्र धरले आणि रब्बीच्या हंगामात एका हेक्टरला ५,००० घनमीटर पाणी दिले, तर सुमारे १५० किलो नत्र जमिनीस मिळते; म्हणजे सव्वातीनशे किलो युरियाइतके. शेतकरी या पाण्याकडे का ओढला जातो, हे एवढ्या आकड्यावरून समजावे. सेंद्रिय द्रव्यामुळे मातीचा पोतही काही काळ सुधारतो. पण खताची मात्रा शेतकऱ्याच्या हाती राहत नाही. पिकास गरज असो वा नसो, पाण्याबरोबर नत्र जातच राहते. पान रुंद होते, रंग गडद दिसतो, वजन भरते. औषधी वनस्पतीत असे फोफावणे हे गुणोत्कर्षाचे लक्षण नव्हे, हे आपणांस सांगावयास नको. कडक उन्हात, बेताच्या पाण्यावर वाढलेल्या वनस्पतीचा रस आणि गंध वेगळाच असतो.

दुसरी गोष्ट सोडियमची. साबण, धुण्याची पावडर व स्वयंपाकघरातील मीठ यांतून हे लवण येते. मातीचे बारीक कण एकत्र बांधून ठेवणाऱ्या कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण सुटे होतात, पाण्याबरोबर खाली सरकून रंध्रे बुजवितात. वर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही, मुळांना वायू मिळत नाही. देशावरील चिकण काळ्या जमिनीस हा धोका मोठा आहे. पुण्याचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडून हवेली-दौंडकडील शेतीस देण्याची योजना झाली, तेव्हापासून त्या भागातील शेतकऱ्यांच्या तक्रारी जमिनी आणि विहिरी बिघडल्याच्याच राहिल्या आहेत. आपल्या सांडपाण्यापैकी जवळजवळ नव्वद टक्के पाणी शेतीसाठी वापरणारा इस्राएल देश या विषयात जगात अग्रेसर समजला जातो. तेथेही चिकण मातीच्या फळबागांत दीर्घकाळ हे पाणी दिल्यावर मातीची रचना बिघडून उत्पन्न घटल्याचे संशोधकांनी नोंदविले आहे.

कोकणपट्टीला येथे निसर्गाचे साहाय्य आहे. कल्याण-टिटवाळा भागात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. उन्हाळ्यात साचलेले लवण जुलै-ऑगस्टचा पाऊस धुऊन नेतो. म्हणूनच येथील भाजीवाले सांगतात की वर्षानुवर्षे नाल्याचे पाणी देऊनही जमीन मेली नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु धुतले जाते ते लवण. शिसे, कॅडमियम, क्रोमियम हे धातू मातीच्या कणांना व कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याला धरून बसतात आणि वरच्या वीतभर थरातच राहतात. पावसाने ते फारसे हलत नाहीत. जमीन जिवंत दिसते, पीक जोमाचे येते, आणि साठा वाढत राहतो.

किती वाढतो, याचा हिशेब अवघड नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेने सिंचनाच्या पाण्यात कॅडमियमची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम सुचविली आहे. बरोबर या मर्यादेवरचे पाणी रब्बीत हेक्टरी ५,००० घनमीटर दिले, तर वर्षाला ५० ग्रॅम कॅडमियम जमिनीत पडते. हेक्टरभर जमिनीच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो. म्हणजे मातीच्या दर किलोमागे वर्षाला ०.०२५ मिलिग्रॅम. चाळीस वर्षांत एक मिलिग्रॅम. निव्वळ घरगुती सांडपाण्यात कॅडमियम याहून पुष्कळ कमी असते, हे आम्ही पुन्हा सांगतो. कोणास घाबरविण्याचा हेतू नाही. पण आकड्याची चाल पाहावी. तो फक्त वाढतो. त्यातही उतारावरच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत कॅडमियम मुळांना अधिक सहज मिळते. तेथे चुन्याचा वापर उपयोगी पडतो. भातखाचराची गोष्ट आणखी निराळी आहे. पाणी साचून असते तोवर कॅडमियम गंधकाशी बांधलेले राहते व आर्सेनिक मोकळे होते. खाचर कोरडे केले की याच्या उलट घडते. एकाच जमिनीत भातानंतर औषधी पीक घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मातीची स्मृती किती दीर्घ असते, याचा एक दाखला आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले. त्याआधीच्या कित्येक दशकांच्या वाहतुकीत रस्त्यांच्या कडेस पडलेले शिसे मात्र त्या मातीत आजही आहे. पुनर्नवा आणि गोखरू नेमके तेथेच माजतात. दुसरा दाखला दूरचा, पण अत्यंत बोलका. पॅरिसच्या वायव्येस पिएरले नावाची सपाट शेतजमीन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे शंभर वर्षे पॅरिसचे कच्चे सांडपाणी तिला देण्यात आले आणि तीवर शहरासाठी उत्तम भाजी पिकली. विसाव्या शतकाच्या शेवटी मातीत शिसे, कॅडमियम, तांबे आणि जस्त यांचा साठा आढळला, तेव्हा भाजीपाला आणि सुगंधी वनस्पती यांची लागवड तेथे बंद करावी लागली. आता त्या जमिनीवर जंगल उभे केले जात आहे. पाणी बदलणे हाती असूनही माती परत मिळाली नाही. सुगंधी वनस्पतींवरील बंदी हा त्यातील भाग आपल्या व्यवसायास लागू असल्याने आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो.

आता आपल्या द्रव्यांकडे येऊ. सर्व वनस्पती धातू सारख्या प्रमाणात घेत नाहीत. सर्वसाधारणपणे पाने व मुळे अधिक घेतात, फळे आणि बिया कमी. जलब्राह्मी ही या बाबतीत कुप्रसिद्धच म्हणावी लागेल. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९० पासून केलेल्या अभ्यासांत असे दिसले की ही वनस्पती पाण्यातील तांबे, कॅडमियम यांसारखे धातू मोठ्या प्रमाणात शोषून आपल्या अंगी साठविते. दूषित पाणी निवळविण्यासाठी तिची योजना करावी, असा विचार त्यातून पुढे आला. मेध्य द्रव्यांत अग्रगण्य असलेली वनस्पती गटारशुद्धीस उपयोगी ठरावी, आणि त्याच गटाराच्या काठावरून ती खुडून आपल्या कढईत यावी, याहून चिंतेची गोष्ट कोणती? महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून पुष्कळदा मंडूकपर्णीच मिळते, हा नेहमीचा वाद येथे बाजूस ठेवू. दोघींनाही ओल प्रिय आहे. माका तर नाल्याच्या काठावाचून दुसरे घर शोधीत नाही. वेखंडाचे मूळ चिखलात असते आणि औषधात मूळच घेतात.

कल्पनेनुसारही धोक्याचे स्वरूप बदलते. स्वरस कच्चा दिला जातो. त्यामुळे सांडपाण्यातील जंतू आणि गंडूपद कृमींची अंडी यांचा प्रश्न तेथे सर्वांत तीव्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी लिटरमागे कृमीचे एकापेक्षा अधिक अंडे नसावे, असे सुचविले होते. ते उगाच नव्हे. क्वाथात उकळल्याने जंतू मरतात, धातू मरत नाहीत. घन करताना तर ते एकवटतात. वाळलेल्या द्रव्यात कॅडमियम ०.२ भाग प्रतिदशलक्ष आहे, म्हणजे औषधिकोशाच्या ०.३ च्या मर्यादेत आहे, असे समजा. पाच किलो द्रव्यापासून एक किलो घन निघाला आणि निम्मे कॅडमियम जरी काढ्यात उतरले, तरी घनात ते ०.५ होते. कच्चे द्रव्य उत्तीर्ण आणि घन अनुत्तीर्ण, हा अनुभव ज्यांना आला असेल त्यांनी प्रयोगशाळेला दोष देण्यापूर्वी हा गुणाकार करून पाहावा.

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. पुढे २००५ मध्ये केंद्र शासनाच्या आयुष विभागाने आदेश काढून निर्यात होणाऱ्या वनस्पतिज औषधांसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी अनिवार्य केली. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग प्रतिदशलक्ष या मर्यादा आपल्या फार्मसीच्या भिंतीवर आज लागलेल्या आहेत. त्या वेळी आपल्या व्यवसायाने रसशास्त्राची बाजू हिरिरीने मांडली आणि ती मांडणे योग्यच होते. संस्कारित भस्म आणि अशुद्ध धातू एक नव्हेत. पण साध्या चूर्णात, ज्यात कोणतेही भस्म नाही अशा कल्पात शिसे निघाले तर आपण कोणते शास्त्र पुढे करणार? तेथे शोधन नाही, मारण नाही. ते धातू मातीतून आलेले असतात आणि त्यांचे समर्थन कोणत्याही संहितेत नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमिप्रविभागीय नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. औषध कोणत्या जमिनीतून घ्यावे आणि कोणत्या जमिनीतून घेऊ नये, याची मोजणी तेथे आहे. स्मशान, वधस्थान, वारुळे, खारट वा फुटलेली जमीन वर्ज्य ठरविली आहे. कल्पस्थानात विषाने दूषित झालेल्या पाण्याची लक्षणेही दिली आहेत. बुळबुळीतपणा, उग्र गंध, फेस, पृष्ठावरील रेघा, मासे-बेडकांचा मृत्यू. वालधुनीच्या काठी उभे राहून हा भाग वाचावा. यावरून प्राचीनांस आधुनिक रसायन अवगत होते, असला दावा आम्ही करणार नाही. तशा दाव्यांनी आपले हसे होते. त्यांनी डोळे उघडे ठेवून जमीन पाहिली आणि मगच द्रव्य घेतले, एवढेच पुरे आहे. आपण जमीन पाहणे सोडून दिले आणि केवळ चूर्ण पाहू लागलो.

येथे एक आक्षेप येईल. पाण्याची टंचाई वाढत आहे, शुद्ध पाणी शेतीस मिळत नाही, मग सांडपाण्याचा पुनर्वापर करू नये काय? अवश्य करावा. टिटवाळ्यातील घरगुती सांडपाणी काळूत तसेच सोडून देण्यापेक्षा प्रक्रिया करून वापरणे सर्वथा हितकर, कारण काळू पुढे उल्हासला मिळते आणि उल्हासचे पाणी लाखो लोक पितात. नागपुरात भांडेवाडी केंद्राचे पाणी कोराडीच्या वीज केंद्राकडे वळविण्यात आले. त्यातून पिण्यायोग्य पाण्याची बचत झाली. उद्याने, रस्त्याकडेची झाडे, बांधकाम, इमारती लाकडाची लागवड यांना हे पाणी द्यावे. शेतीत द्यावयाचे तर ज्यांचे फळ वा बी वापरात येते अशा वृक्षांना, ठिबकाने, माती झाकून द्यावे. कारंज, बेहडा यांच्या लागवडीस आमची हरकत नाही. पान, पंचांग, मूळ वा कंद ज्यांचा उपयोगात येतो आणि जी द्रव्ये ओली किंवा कच्ची दिली जातात, ती मात्र या पाण्यावर घेऊ नयेत. प्रक्रिया कितीही चांगली असली तरी घेऊ नयेत, असे आम्ही म्हणतो. कारण केंद्र एक दिवस बंद पडले, एक टँकर नाल्यात रिकामा झाला, तर त्याची नोंद पाण्यात राहत नाही, मातीत राहते. शिवाय औषधांचे अवशेष हा नवा विषय पुढे आला आहे. २०१६ मध्ये इस्राएली संशोधकांनी दाखविले की प्रक्रियायुक्त सांडपाण्यावरील भाजी खाणाऱ्या निरोगी माणसांच्या मूत्रात अपस्मारावरील कार्बामाझेपिन हे आधुनिक औषध उतरते. मात्रा अत्यल्प होती. पण अपस्माराच्या रुग्णास आपण ब्राह्मी देतो, आणि त्यातून दुसरेच औषध नकळत देऊ नये, एवढी काळजी घेणे आपले काम आहे.

'आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे,' असे शेतकरी सांगतो आणि खरेदीदाराचे समाधान होते. २०१५ पासून दिल्या जाणाऱ्या या पत्रिकेत १२ घटक असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसे आणि कॅडमियम त्यांत नाहीत. पत्रिका खतासाठी काढली आहे, औषधीसाठी नव्हे. तिचा दोष नाही. आपण तिला नसलेला अर्थ देतो.

तेव्हा धातूंची तपासणी वेगळी करून घ्यावी लागेल आणि तिचा खर्च कोणी सोसावा, हा खरा मुद्दा आहे. जुडीमागे दोन-चार रुपये मिळविणाऱ्या शेतकऱ्यावर किंवा वेचून आणणाऱ्या कातकरी-ठाकूर कुटुंबावर तो टाकणे अन्यायाचे होईल. तसे केले तर प्रामाणिक माणूस बाजारातून जाईल आणि कागद बनविणारा राहील. तपासणी खरेदीदाराने, म्हणजे आपण करावी. एका लहान औषधालयास परवडत नसेल तर पाच-सहा जणांनी मिळून एकाच गावातील मोजके शेतकरी ठरवून घ्यावेत, त्यांच्या जमिनीचा नमुना एकदा तपासावा आणि त्यांना बाजारापेक्षा चार पैसे अधिक द्यावेत. असे घडू शकते, याचे उदाहरण शेजारच्या शहापूर तालुक्यात आहे. तेथील कातकरी तरुणांनी वनधन योजनेच्या आधाराने जंगलातील गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना पुरविली. त्या मालाचे मूल्य गुळवेलीत आहे तितकेच तिचे ठिकाण माहीत असण्यात आहे.

आपल्या स्वतःच्या मोरीकडेही पाहिले पाहिजे. खल, कढया आणि मुशी धुतलेले पाणी, रसकल्पांच्या निर्मितीतील धुवण, शोधनासाठी वापरलेले द्रव हे कोठे जातात? ज्या औषधालयाचे धुवण नाल्यात जाते, त्याच्या चालकाने नाल्यावरच्या माक्याविषयी तक्रार करणे शोभत नाही. हे पाणी वेगळ्या टाकीत घेऊन गाळ बसू द्यावा आणि तो गाळ घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावा. शेजारच्या बागेत तर नकोच.

व्यवहारात आरंभ खरेदीच्या नोंदवहीपासून करता येईल. द्रव्याचे नाव, वजन, दर यांच्या पुढे दोन रकाने वाढवावेत. एक जमिनीचा, गाव व शक्य तर गट क्रमांकासह. दुसरा पाण्याचा, म्हणजे विहीर, नदी, नाला, कालवा की केंद्राचे पाणी. ज्या ठिकाणी 'माहीत नाही' असे लिहावे लागेल, तो माल ओल्या कल्पनांसाठी वापरू नये. मातीचा नमुना उन्हाळ्यात, नांगरटीपूर्वी घ्यावा. शेतात आठ-दहा ठिकाणांहून वरच्या १५ सेंटिमीटर थरातून माती घेऊन एकत्र मिसळावी, लोखंडी खुरप्याऐवजी लाकडी वा प्लास्टिकचे साधन वापरावे, सावलीत वाळवावी आणि एकूण धातूंबरोबर मुळांना उपलब्ध होणारे धातूही तपासण्यास सांगावे. मार्गदर्शनासाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि त्याचे कर्जत येथील संशोधन केंद्र आपणांस जवळ आहे. कर्जत तर उल्हासच्याच काठी, प्रवाहाच्या वरच्या अंगास. माक्याची मुख्य खरेदी पावसाळ्याच्या उतारास, भाद्रपद-आश्विनात होते. त्याआधीच्या वैशाखात नमुने घेतले, तर अहवाल हाती येऊन कोणाकडून घ्यावयाचे हे ठरविण्यास पुरेसा अवधी मिळतो.